गंगा उलटी चढणाऱ्या बोटी: १९७७ च्या मोहिमेच्या वस्तू जमवताना काय बघायचं

१९७७ च्या पावसाळ्याअखेर सर एडमंड हिलरी गंगा उलटी चढायला निघाले. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवून त्यांना तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. गंगा समुद्राला मिळते त्या गंगासागरापासून सुरुवात करायची, प्रवाहाविरुद्ध बोटी जातील तिथवर बोटींनी जायचं, पुढे पायी बद्रीनाथच्या वरच्या डोंगरांत शिरायचं आणि एखाद्या हिमशिखरावर शेवट करायचा, असा बेत होता. मोहिमेचं नाव ‘ओशन टू स्काय’. ‘गंगा’, ‘एअर इंडिया’ आणि ‘किवी’ अशा तीन जेट बोटी होत्या. मंडळींत हिलरींचा मुलगा पीटर होता, बोट हाकायला जॉन हॅमिल्टन होते, हिलरींचे जुने सोबती मिंगमा त्सेरिंग होते. १९६५ च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते कॅप्टन एम. एस. कोहली आणि हरीश सरीन हे भारतीय सदस्यही होते.

पाटणा, वाराणसी, अलाहाबाद, हरिद्वार, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग असं करत बोटी अलकनंदेवर नंदप्रयागपर्यंत पोचल्या. तिथे धबधब्याने वाट अडवली. पुढे डोंगरात हिलरींना विरळ हवेचा इतका त्रास झाला की त्यांना खाली आणावं लागलं. शिखर गाठलं ते बाकीच्यांनी.

एवढी गोष्ट आधी सांगितली, कारण या मोहिमेशी जोडलेल्या वस्तू गोळा करायच्या असतील तर पहिलं हत्यार हीच गोष्ट आहे. भिंग, दिवा, तज्ज्ञाचा सल्ला हे सगळं नंतर येतं. मोहीम कुठून कुठे गेली, कुठे थांबली, कोण वर गेलं आणि कोण गेलं नाही, हे तोंडपाठ असलं की निम्मा खोटा माल हात न लावताच बाजूला पडतो.

उदाहरणार्थ, कुणी ‘मोहिमेच्या बोटीचा पंखा’ म्हणून पितळी प्रोपेलर दाखवला, तर हसून पुढे जा. जेट बोटीला बाहेर फिरणारा पंखा नसतोच. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही बोट विकसित केली ती उथळ, दगडगोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी. बोटीच्या पोटाला जाळी असते, तिच्यातून पाणी आत खेचलं जातं, आतलं इम्पेलर नावाचं चाक त्याला जोर देतं आणि मागच्या तोंडातून धार बाहेर फेकली जाते. त्या धारेच्या रेट्याने बोट पुढे जाते आणि धारेचं तोंड वळवलं की बोट वळते. खाली काहीच लोंबत नसल्याने वीतभर पाण्यातही ती चालते. जॉन हॅमिल्टन हे याच बिल यांचे चिरंजीव. तेव्हा पंख्याऐवजी कुणी झिजलेलं इम्पेलर दाखवलं तर निदान ऐकून घ्यावं. पावसाळी गंगेत वाळू आणि गाळ भरपूर असतो, अशा पाण्यात पात्यांच्या कडा घासल्या जाणारच. अर्थात झिजलेलं इम्पेलर जगातल्या कुठल्याही जेट बोटीचं असू शकतं, त्यामुळे नुसत्या झिजेने काही सिद्ध होत नाही.

‘शिखरावर हिलरी, १९७७’ असा फोटो आणि ‘जोशीमठजवळ जेट बोट’ असा मथळा यांनाही हाच न्याय, कारण जोशीमठ नंदप्रयागच्या बरंच वर आहे. मथळा चुकला म्हणून फोटो खोटा ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. नंदप्रयागचा अस्सल फोटो कुणीतरी ऐकीव माहितीवर जोशीमठचा म्हणून लिहून ठेवलेला असू शकतो.

मोहिमेची वस्तू म्हणजे नक्की काय

संग्राहक मंडळी एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकतात. त्यांची प्रतवारी समजून घेतली की पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. सगळ्यात वर येते प्रत्यक्ष प्रवासात वापरलेली गोष्ट: लाइफ जॅकेट, नकाशा, रोजची टिपणवही, बोटीचा सुटा भाग. त्याखाली प्रवास चालू असताना तयार झालेल्या गोष्टी: त्या दिवसांत टाकलेली पत्रं, काठावरून काढलेले फोटो, गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या. मग मोहिमेआधी छापलेली पत्रकं, लेटरहेड, शिवायचे बिल्ले. आणि सगळ्यात खाली नंतरच्या गोष्टी: हिलरींनी या प्रवासावर लिहिलेलं १९७९ चं पुस्तक, माइक डिलन यांनी केलेल्या माहितीपटाची जाहिरात, पुढे कधीतरी घेतलेल्या सह्या.

बाजारात किंमत बहुतेक वेळा याच्या उलट लागते. हिलरींची सही असलेलं पुस्तक चटकन विकलं जातं, कारण नाव मोठं आहे आणि वस्तू ओळखीची आहे. पण त्या पुस्तकाने गंगा पाहिलेली नसते. वाराणसीत घाटावर उभं राहून कुणी मामाने काढलेला, किंचित हललेला कृष्णधवल फोटो मला त्याहून कितीतरी मोलाचा वाटतो, आणि अशा फोटोला गिऱ्हाईक जवळपास नसतं. ज्याला थोडक्या पैशांत चांगला संग्रह करायचा आहे त्याच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

या मोहिमेचं वेगळेपण असं की ती निर्जन डोंगरात सुरू झाली नाही. डोंगर शेवटी आले. त्याआधी शेकडो किलोमीटर भरवस्तीचा काठ होता. एव्हरेस्टवाला माणूस गंगामाईचं दर्शन घेत चाललाय म्हटल्यावर काठावर अफाट गर्दी लोटली. दूरच्या पर्वतातल्या मोहिमेचे साक्षीदार म्हणजे बहुधा तिचे सदस्य आणि हमाल, एवढेच. इथे साक्षीदार गावंच्या गावं होती. त्यांतल्या काहींकडे कॅमेरे होते, काहींनी कात्रणं जपली, काहींनी नातेवाइकांना पत्रांतून कळवलं. म्हणून या मोहिमेचा खरा ठेवा लिलावघरांपेक्षा नदीकाठच्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आणि जुन्या फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्हच्या डब्यांत असण्याची शक्यता जास्त. स्टुडिओ बंद होतात आणि डबे भंगारात जातात. शोध सुरू करायचा तर तिथूनच करावा.

मोठ्या माणसाचे स्वतःचे कागद शोधायला निघालात तर मात्र थांबा. हिलरींच्या डायऱ्या, पत्रं आणि छायाचित्रं यांचा मुख्य ठेवा ऑकलंडच्या वॉर मेमोरियल म्युझियममध्ये आहे. २०१३ मध्ये त्याला युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदीत जागा मिळाली. ‘हिलरींची गंगा मोहिमेची मूळ डायरी’ कुणी देऊ केली, तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

सहीचं प्रकरण

सह्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

हिलरी १९८५ ते १९८९ या काळात न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते. या काळात त्यांना किती शाळांनी, क्लबांनी, समारंभांनी बोलावलं असेल याचा अंदाज करा. म्हणजे भारतात फिरणाऱ्या त्यांच्या सह्यांत त्या वर्षांतल्या सह्या भरपूर असणार. त्या अस्सल असतात, फक्त १९७७ च्या नसतात. एखाद्या विक्रेत्याने अशी सही मोहिमेच्या फोटोशेजारी चौकटीत बसवली की दोन खऱ्या गोष्टींतून एक खोटी गोष्ट तयार होते. चौकट उघडून बघायला नकार मिळाला तर व्यवहार तिथेच सोडावा.

सही मुळात हाताची आहे की छापील, हे कळायला दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग पुरतं. कागद खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा. बॉलपेनने केलेली सही असेल तर रेघेच्या जागी कागद किंचित खोल गेलेला दिसतो, आणि पातळ कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर उठाव लागतो. दोन रेघा जिथे एकमेकींवरून जातात तिथे शाई गडद होते, वळणावर जाड होते, हात उचलताना बारीक होत जाते. छापलेल्या सहीत यातलं काही नसतं. तिची रेघ सपाट असते आणि भिंगाखाली पुष्कळदा बारीक ठिपक्यांत फुटते. फोटोच्या कागदावर जाड मार्करने केलेली सही असेल तर उठाव सापडणार नाही. तिथे चमक बघायची: कागद तिरपा केला की शाईची चकाकी भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी दिसते.

हस्ताक्षर वयाबरोबर बदलतं. १९५३ ची सही, १९७७ ची सही आणि नव्वदच्या दशकातली सही एकाच नमुन्याशी ताडून बघू नये. त्या त्या सुमाराच्या, तारीख पक्की असलेल्या सह्या शेजारी ठेवून बघाव्यात. आणि सोनेरी नक्षीचं ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ बघून विरघळू नका. प्रमाणपत्र देणाऱ्याने वस्तू कशाच्या आधारावर ओळखली हे त्यात लिहिलेलं नसेल, तर तो वस्तूबरोबर आलेला आणखी एक कागद, बस्स.

पाकिटं आणि शिक्के

मोहिमेच्या डाकेची परंपरा जुनी आहे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या वेळी छायाचित्रकार कॅप्टन जॉन नोएल यांनी शाळकरी मुलांना हिमालयातून पोस्टकार्ड पाठवण्याची योजना काढली. कार्डावर मोहिमेचं निळं लेबल चिकटवलं जायचं. ते सरकारी डाक तिकीट नव्हे, शोभेचं लेबल. त्या लेबलाच्या नकला पुढे इतक्या निघाल्या की आज सुटं लेबल समोर आलं तर आधी नक्कल समजावं आणि मग उलट पुरावा शोधावा.

इथे अतिनील दिवा कामी येतो. १९५० च्या दशकापासून कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात जी रसायनं सर्रास घालू लागले, ती या दिव्याखाली निळसर उजळतात. १९२४ चं म्हणवणारं कार्ड तसं उजळलं तर प्रश्न मिटला. १९७७ च्या कागदाला मात्र या दिव्याचा उपयोग नाही, कारण तो खरा असला तरी उजळू शकतो. दिवा घेऊन मिरवणाऱ्या विक्रेत्याला हे नम्रपणे सांगून बघा.

गंगा मोहिमेच्या पाकिटाची परीक्षा वेगळी. बोटी प्रवाहाविरुद्ध चालल्या होत्या, त्यामुळे गावांचा क्रम ठरलेला आहे. पाटण्याची तारीख वाराणसीच्या आधीची, वाराणसीची हरिद्वारच्या आधीची असायला हवी. एकाच संग्रहातल्या दोन पाकिटांवर हा क्रम उलटा आला, तर निदान एक पाकीट प्रवासातल्या माणसाने टाकलेलं नाही. पत्ता ज्या शाईत लिहिलाय ती शिक्क्याच्या खाली आहे की वर, हेही बघायचं. जुन्या, खऱ्या शिक्क्याच्या पाकिटावर नंतर मोहिमेचं नाव आणि सह्या चढवणं हा सोपा धंदा आहे. शिक्क्याच्या काळ्या वर्तुळावरून पेनची रेघ गेलेली दिसली तर ती रेघ शिक्क्यानंतरची. नंतरची म्हणजे किती नंतरची, ते मग विक्रेत्याने सांगावं.

फोटो आणि रंग

सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो बघितले की सगळी माणसं गुलाबी-तांबूस दिसतात. त्यात संध्याकाळच्या उन्हाचा वाटा नसतो. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगद्रव्यं असायची. त्यांतलं निळसर-हिरवं द्रव्य अनेक कागदांत आधी उडून जायचं आणि लालसर छटा उरायची. म्हणजे तेव्हाची म्हणून दाखवलेली रंगीत प्रत अगदी ताजी, निळ्याशार आभाळाची असेल तर ती अलीकडे काढलेली प्रत असण्याची शक्यता मोठी. भिंगाखाली खऱ्या फोटोचा रंग सलग विरघळत गेलेला दिसतो, शाईच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत फवारल्यासारखे कण दिसतात, तर मासिकातून कापलेल्या चित्रात ठिपक्यांची फुलं दिसतात.

स्लाइड सापडल्या तर नशीब काढलंत. कोडाक्रोम या कोडाकच्या स्लाइड फिल्मचे रंग अंधारात ठेवले तर फार टिकतात. शिवाय कोडाकच्या प्रयोगशाळा अनेकदा पुठ्ठ्याच्या चौकटीवर धुलाईचा महिना आणि वर्ष उमटवत. तारीख धुलाईची असते, फोटोची नाही. त्यामुळे मोहिमेनंतर दोन-चार महिन्यांची तारीख दिसली तर बिचकू नका. मोहिमेआधीची दिसली तर मात्र बिचका.

बोटीचा फोटो मिळाला की आधी तिच्या अंगावरचं नाव वाचा. तीन नावं ठरलेली आहेत. चौथं नाव दिसलं तर ती दुसऱ्या कुठल्यातरी प्रवासाची बोट. अशी अदलाबदल इतर नद्यांबाबतही होते. अमेरिकेत कोलोराडो नदीच्या दऱ्यांतून जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा बरोबर छायाचित्रकार नव्हताच. फोटो निघाले ते १८७१ पासूनच्या दुसऱ्या मोहिमेत. तरी ‘१८६९’ असं लिहिलेले त्या प्रवासाचे फोटो भेटत राहतात.

सांभाळणं

वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य उजेडात आणि हवेत पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद पापडासारखा मोडतो. १९७७ चं कात्रण आज मिळालं तर आधी स्कॅन करा, मग आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवून अंधारात सपाट ठेवा. लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही. पारदर्शक चिकटपट्टीही नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. पीव्हीसीच्या पाकिटांत फोटो ठेवले तर पृष्ठभाग प्लास्टिकला चिकटतो, शाई उचलली जाते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्यावीत. दमट हवेत बुरशी आणि कसर यांचा त्रास ठरलेलाच, म्हणून भिंतीला टेकून कपाट नको.

लाइफ जॅकेट, रबरी बूट वगैरे मिळवायची हौस असेल तर आधीच सांगतो, या वस्तू कागदापेक्षाही लवकर मरतात. फोमचा भुगा होतो, रबर आधी चिकट आणि मग ठिसूळ होतं. यावर घरगुती उपाय नाही, गार आणि कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो एवढंच.

वस्तूइतकीच तिची हकीकत सांभाळायची. कुणाकडून मिळाली, त्यांच्याकडे कशी आली, त्या दिवशी ते कुठे उभे होते, हे सगळं त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या आणि वस्तूच्या पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, पुढे उठतं. माणसाची आठवण प्रामाणिक असूनही घसरते. हिलरींना आपण घाटावर पाहिलं असं सांगणाऱ्याने त्यांना पुढे उच्चायुक्त असताना एखाद्या समारंभात पाहिलेलं असू शकतं. म्हणून आठवणीला तारखेचा आधार शोधायचा: त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र, घरातलं त्या सालातलं लग्न किंवा बारसं, फोटोत मागे दिसणारी दुकानाची पाटी.

आणि एक गोष्ट माझ्या मताने सांगतो, इतर संग्राहकांना ती पटत नाही. नदीकाठच्या घरातला एकुलता एक फोटो विकत घेऊ नये. चांगलं स्कॅन करावं, एक छान प्रत त्या घराला द्यावी आणि मूळ तिथेच राहू द्यावं. ज्या आजोबांनी तो काढला त्यांच्या घरात त्या फोटोला जो अर्थ आहे, तो आपल्या फाइलमध्ये येत नाही. घरात कुणालाच तो नको असेल आणि रद्दीत जाणार असेल, तर मग जरूर घ्या.

कायदा, थोडक्यात

भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सर्वसाधारण वस्तू शंभर वर्षं जुनी झाली की पुरावस्तू ठरू शकते. ऐतिहासिक, वैज्ञानिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावस्तू ठरली की ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९७७ चं इम्पेलर २०७७ पर्यंत या कायद्यात येत नाही, पण त्या मोहिमेत लिहिलेली टिपणवही २०५२ पासून येऊ शकते. आज पंचविशीत संग्रह सुरू करणाऱ्याच्या हयातीतली ही तारीख आहे.

मालकी आणि प्रकाशनाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. हिलरींचं पत्र तुम्ही विकत घेतलंत तर तो कागद तुमचा झाला, त्यातला मजकूर छापायचा हक्क नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुरावर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क चालतो. हिलरी २००८ मध्ये गेले, म्हणजे अशा मजकुराला २०६८ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. हयातीत न छापलेल्या पत्राला मात्र साठ वर्षं पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात, म्हणून त्याला परवानगी लागेलच. छायाचित्राचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं मोजतात. घाटावरच्या त्या मामाचा फोटो कधीच कुठे छापून आलेला नसेल, तर तो पहिल्यांदा छापण्याआधी मामांना किंवा त्यांच्या मुलांना विचारा, आणि होकार लेखी घ्या.